डोरेमॉनचे डोळे: आर्वी तालुक्यातल्या एका शाळेतलं प्रकरण

हे प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं, एका जिल्हा परिषद शाळेतलं. मी तिथे शिकवते. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही, मुलं लहान आहेत. चौथीतल्या एका मुलीने टीव्हीवरच्या डोरेमॉनचा, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या निळ्या यंत्र-मांजराचा, हातात घालून बोलवता येईल असा बाहुला करायला घेतला. त्यात तिचे आबाजी ओढले गेले, मग सगळा वर्ग, मग शाळा व्यवस्थापन समिती आणि शेवटी बाजारातला एक दुकानदार. बाहुला झाला, चालला, त्याच्यावरून वादही झाला.

हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं, कारण मुलं टीव्हीतलं पात्र करू म्हणाली की आम्ही शिक्षक मंडळी पटकन "आपल्या मनानं काहीतरी करा" असं सांगून मोकळे होतो. माझं मत याच्या उलट आहे. ओळखीच्या पात्राची नक्कल करताना मूल जेवढं बारकाईनं पाहतं, तेवढं मनानं केलेल्या कामात पाहत नाही. मनानं केलेला बाहुला जसा होईल तसा बरोबरच असतो. डोरेमॉन चुकला तर पहिलीतलं पोरगंही तोंडावर सांगतं.

मुलीच्या घरी कापूस आणि तुरीची कोरडवाहू शेती. आईवडील दिवसभर वावरात. आबाजी गावातले शिंपी. नजर कमी झाल्यापासून मोठी शिलाई सोडली, पण ब्लाउज, पिशव्या, शाळेच्या गणवेशाची उंची कमीजास्त करणं चालू असतं. मशीन ओसरीत मांडलेली. शाळा सुटली की पोरगी त्यांच्यापाशी बसून चिंध्यांशी खेळते आणि घरात टीव्ही लागला की डोरेमॉन पाहते, हिंदीतला.

दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र शिक्षकांसाठी बाहुल्यांचं प्रशिक्षण घेतं. तिथे शिकलेली मोज्याची बाहुली मी दरवर्षी वर्गात करून घेते. जुना पायमोजा, आत पुठ्ठ्याचं तोंड, वर दोन बटणं, की झाली बाहुली. सगळ्या मुलांनी केली, हिनेही केली. मग हातात घालून थोडा वेळ तोंड उघडमीट केलं आणि विचारलं, "मॅडम, हा बोलते तं खरं, पन हा कोन आहे?"

माझ्या दृष्टीने प्रकरण इथे सुरू होतं. बोलणारं तोंड तिला पुरेसं नव्हतं. तिला ओळखीचं कोणीतरी हवं होतं.

मापं

आबाजींची एकच अट होती: "आधी माप घे, मंग कैची लाव." आता डोरेमॉनचं माप घ्यायचं कुठून? माझ्या मोबाइलवर चित्र थांबवून पडद्यावर कागदाची पट्टी धरली आणि डोक्याची रुंदी, पूर्ण उंची, पोटावरच्या खिशाची रुंदी अशा खुणा करून घेतल्या. पडद्यावरचे सेंटिमीटर कामाचे नव्हते, कामाचं होतं ते प्रमाण. डोकं पूर्ण उंचीच्या जवळजवळ निम्मं भरलं. मुलांचा विश्वास बसेना. त्यांनी वहीत काढलेल्या सगळ्या डोरेमॉनची डोकी लहान होती आणि अंग मोठं. रोज पाहिलेलं चित्र, तरी ही गोष्ट एकाच्याही लक्षात आलेली नव्हती.

या पात्राची एक सोय अशी की त्याची उंची त्याच्या निर्मात्यांनीच ठरवून दिलेली आहे: 129.3 सेंटिमीटर. छातीचा घेरही तेवढाच, वजनही 129.3 किलो. ही चित्रकथा जपानमध्ये डिसेंबर 1969 पासून येऊ लागली. त्या काळच्या तिथल्या चौथीतल्या मुलांची सरासरी उंची घेऊन हा आकडा ठरवला गेला, म्हणजे डोरेमॉन त्याच्या मित्राकडे, नोबिताकडे, वरून खाली पाहणार नाही. हे सांगितल्याबरोबर चौथीची सगळी रांग आबाजींच्या टेपपुढे उभी राहिली. आमची मुलगी 128 भरली. तिला जो आनंद झाला तो मला शब्दांत सांगता येणार नाही.

एक चतुर्थांश माप धरलं. उंची 32 सेंटिमीटर, डोक्याचा व्यास 16. चौथीच्या मुलीचा पंजा आत शिरायला आणि तोंड उघडायला एवढी जागा लागतेच. मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाने केलेली बाहुली मुलांना दिली की आत हात डुगडुगतो आणि तोंड नीट मिटत नाही. मुलांच्या बऱ्याच बाहुल्या "चालत नाहीत" त्या याच कारणाने.

गोल डोकं फोममधून काढायचं कसं, हा प्रश्न आबाजींना पडलाच नाही. लहान बाळाचं टोपडं सहा कळ्यांचं, म्हणजे सहा निमुळत्या फाकांचं असतं, पूर्ण चेंडू करायचा तर कळी दोन्ही टोकांना निमुळती. परीघ साधारण 50 सेंटिमीटर. त्याच्या निम्मी, म्हणजे 25, कळीची लांबी. सहाने भागून आलेली 8.4 ही मधली रुंदी. मुलीने भागाकार वहीत केला. आबाजींनी तोंडी करून वर शिवणीची दाब, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, सोडायला सांगितली आणि मग स्वतःच म्हणाले, फोम चिकटवायचा आहे, त्याला दाब लागत नाही.

फोम गादीवाल्याकडचा, कापून उरलेले 12 मिलिमीटर जाडीचे तुकडे. कापताना ब्लेड नवं हवं आणि सरळ उभं धरायला हवं. तिरकं धरलं की कडा तिरक्या होतात आणि सांध्यावर खाच पडते. चिकटवायला रबराचं सोल्यूशन. दोन्ही कडांना लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच दाबायचं. घाई केली तर सांधा सुटतो. या सोल्यूशनचा वास डोक्यात जातो, म्हणून ते काम अंगणात आणि मोठ्या माणसाच्या हातूनच. मुलांनी फक्त दाबून धरायचं.

कापड आणि रंग

यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

पहिलं कापड पॉपलीन, आबाजींच्या पेटीत होतं ते. निळा रंग छान, पण फोमच्या गोलाव्यावर चढवलं की जागोजागी चुण्या. तोंड उघडलं की कापड ताणून धरायचं आणि जबडा पुन्हा मिटवायचं. पॉपलीनला ताण नसतो. बाहुल्याच्या तोंडाला ताणणारं कापड लागतं आणि ताण आडवा लागतो, म्हणजे तोंड उघडेल त्या दिशेने. अमेरिकेतल्या टीव्हीवर गाजलेल्या मपेट बाहुल्यांना अँट्रॉन फ्लीस नावाचं कापड वापरतात. त्याची लव बोटाने किंवा सुईच्या टोकाने ओढून घेतली की शिवण दिसतच नाही. आर्वीच्या बाजारात अँट्रॉन फ्लीस कुठून येणार? पण थंडीत बाळांची जी मऊ ब्लँकेटं विकायला येतात ती साध्या फ्लीसचीच असतात. त्यातलं एक घेतलं, आकाशी रंगाचं.

पोरगी रुसली. "आबाजी, हा निया त्याचा नाही."

तिचं खरं होतं. डोरेमॉनचा निळा गडद आणि उजळ असतो, हा फिका. आबाजींनी रंगाची पुडी आणली, मीठ घालून पाणी उकळलं, कापड बुडवलं. सुती साडीवर हाच रंग पक्का बसतो, ब्लँकेट मात्र धुतल्यावर पुन्हा आकाशीच निघालं. त्याचं कारण साधं आहे. हे फ्लीस पॉलिएस्टरचं असतं, त्याचा धागा पाणी पीत नाही, म्हणून सुती कापडाचा रंग आत शिरत नाही. त्याला वेगळ्या जातीचा रंग आणि चुलीवरच्या पातेल्यापेक्षा जास्त उष्णता लागते. घरी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. ज्यांना असा बाहुला करायचा आहे त्यांनी कापड रंगाचंच शोधावं.

मग मी तिला एक प्रयोग करायला सांगितला. आकाशी कापडावर चेहऱ्याचं पांढरं कापड ठेवायचं, त्याच्याखाली लाल पट्टी, मधे पिवळी घंटी, आणि पांढऱ्याच्या कडेने काळ्या दोऱ्याची रेघ. दहा पावलं लांब जाऊन पाहायचं. ती गेली, पाहिलं, परत आली आणि म्हणाली, आता जरा तो वाटतो. एकटा रंग फिका होता. लाल, पांढरा आणि काळा शेजारी आल्यावर तोच रंग गडद दिसू लागला. हे चित्रकलेच्या पुस्तकात वाचून कळत नाही, डोरेमॉन हवा असला की कळतं. तिचं समाधान पूर्ण झालं नाही, हेही लिहायला हवं. ब्लँकेटच्या दुकानापुढून जाताना ती अजून गडद निळा शोधते.

मिशा सहा, एका बाजूला तीन. कान नाहीत, यांत्रिक उंदराने कुरतडले. शेपटीला लाल गोळा. हे सगळं मुलांना पाठ होतं, मला सांगावं लागलं नाही. मिशा आधी काळ्या दोऱ्याच्या केल्या, त्या लोंबल्या, मग फड्याच्या, म्हणजे झाडूच्या, काड्या लावल्या. घंटी मात्र खरी, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या गळ्यातली.

डोळे

सगळं जोडून झालं, तरी तो डोरेमॉन होईना. रंग जवळपास जमला होता, डोकं बरोबर होतं, नाक लाल होतं. वर्गात दाखवला तर मुलं म्हणाली, "डोरेमॉनसारखा आहे." पाहुण्याने घर चांगलं आहे म्हणावं तशा आवाजात. मुलीने स्वतःच निदान केलं: "याचे डोये कोनाकडेच पाहून नाही रायले."

डोळे दह्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून कापलेले, दोन उभट गोल, एकमेकांना चिकटलेले. बुबुळं काळ्या रेक्झिनची, डोळ्याच्या बरोबर मधे लावलेली. कागदावर मधलं बुबुळ चालतं. बाहुल्याला ते चालत नाही. दोन्ही बुबुळं मधे असली की नजर समांतर जाते, दूर कुठेतरी, आणि समोरच्याला वाटतं हा आपल्या पलीकडे पाहतोय. बुबुळं किंचित नाकाकडे सरकवली की नजर एका जागी येऊन मिळते आणि बाहुला कोणाकडे तरी पाहू लागतो.

मपेटचे जनक जिम हेन्सन यांच्यासाठी बाहुल्या घडवणारे डॉन सालिन हे डोळे आणि नाक यांच्या जागेचा त्रिकोण पक्का बसल्याशिवाय बाहुली पुरी मानत नसत. हेन्सन यांनी 1955 मध्ये केलेला पहिला कर्मिट, त्यांचा सगळ्यात गाजलेला बाहुला, आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचा होता आणि डोळे टेबल टेनिसच्या चेंडूचे. कापड घरातलं, चेंडू बाजारातला. जीव आला तो डोळ्यांच्या जागेने. मी हे मुलांना सांगितलं तेव्हा आबाजी पण ऐकत होते. ते म्हणाले, ब्लाउजचा गळा अर्ध्या बोटाने चुकला की अख्खं ब्लाउज चुकतं, तसंच आहे हे.

बुबुळं चिकटवायच्या आधी मुलीने पिठाच्या खळीने तात्पुरती लावली. खळ ओली असेपर्यंत बुबुळ सरकतं. एक मूल बाहुला धरून समोर बसलं, बाकीची वर्गभर पांगली, आणि ही प्रत्येक जागी जाऊन विचारू लागली, "तुह्याकडे पायते का?" बुबुळ इकडे दोन मिलिमीटर, तिकडे एक. नाकाकडे जास्त गेलं की तिरळा दिसे. एका जागी आल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "आता पायते." तिथे तिने पेन्सिलीने खूण केली.

त्यानंतर रंगाबद्दल वर्गात कोणी बोललं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे. साम्य रंगात थोडं असतं, मापात बरंच असतं आणि नजरेत सगळ्यात जास्त. हे मी सांगून मुलांना पटलं नसतं. पटलं ते सगळ्यांना तो डोरेमॉन तंतोतंत ठाऊक होता म्हणून. अनोळखी बाहुल्याची बुबुळं कुठेही असती तरी कोणी तक्रार केली नसती.

हाताचं काम

बाहुला झाला म्हणजे बोलायला लागला असं नाही. नवशिका चारही बोटं वर उचलतो, त्यामुळे बाहुल्याचं कपाळ उडतं आणि जबडा जागच्या जागी राहतो. माणूस बोलताना जबडा खाली जातो. म्हणून बोटं स्थिर ठेवायची आणि अंगठा खाली न्यायचा. एका अक्षरोच्चाराला एकदा तोंड. "नो-बि-ता", तीन वेळा. दुसरी सवय मनगटाची: हात वर धरला की बाहुला आपोआप छताकडे पाहतो, मनगट पुढे वाकवून त्याची नजर खाली, पोरांवर आणावी लागते. टीव्हीवरचे बाहुलीकार स्वतःला मॉनिटरवर पाहत काम करतात. आम्ही मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून खिडकीत ठेवला, काम भागलं.

बोटांना आत पकड नव्हती, वरचं तोंड निसटायचं. आबाजींनी पुठ्ठ्याच्या पाठीला इलॅस्टिकच्या पट्ट्या शिवल्या, एक अंगठ्याला, एक चार बोटांना. एवढ्याशा दुरुस्तीने हाताची थकावट निम्म्यावर आली.

आबाजींचा अर्धवटराव

याच काळात आबाजींच्या मनात वेगळंच काही शिजत होतं. ऐंशीच्या दशकात गावात एका घरी टीव्ही आला होता, दाराशी चपलांचा ढीग पडायचा. तिथे त्यांनी रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव पाहिला होता. वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून रामदास यांच्याकडे आलेला तो बोलका बाहुला आज शंभरी ओलांडून गेला आहे. त्याची बायको आवडाबाई. ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करायची ती कला म्हणजे शब्दभ्रम. आबाजींना त्याचं बोलणं आठवत नव्हतं, त्याचा जबडा आठवत होता. "खटकन् पडे अन् खटकन् मिटे."

त्यांनी कागदाचा लगदा केला. रद्दी भिजत घातली, कुटली, त्यात मेथीचं पीठ आणि डिंक. आपल्याकडे जुन्या बाया लगद्याच्या टोपल्या करत त्यातही मेथी असायचीच, कीड लागत नाही. लहान मडकं पालथं घालून त्यावर लगदा थापला, वाळल्यावर सुटा केला. खालचा जबडा वेगळा, दोन्ही गालांतून सायकलची तार आरपार घालून त्यावर टांगलेला. मागून दोरी ओढली की जबडा खाली, सोडली की ट्यूबच्या रबराने वर. रबर फार ताठ होतं तेव्हा दातखीळ बसल्यासारखा दिसे. त्याची पट्टी अर्धी कापल्यावर जमलं.

नातीचा बाहुला मऊ, आबाजींचा टणक. मऊ बाहुल्याला हाताच्या प्रत्येक हालचालीने वेगळा भाव येतो, बोटं आवळली तर रुसतो, सैल सोडली तर ओशाळतो. लगद्याच्या जबड्याला उघडणं आणि मिटणं एवढंच येतं, बाकी सगळं आवाजानं आणि मानेनं करायचं. मला स्वतःला मऊ बाहुला आवडतो. पण आबाजींचा अर्धवटराव वर्गात आला तेव्हा पहिलीची मुलं माझ्या मागे लपली आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच्या जबड्यात बोट घालायला भांडू लागली, हेही खरं.

"आपलं काही नाही का?"

26 जानेवारीच्या कार्यक्रमात दोन्ही बाहुले आणायचे ठरले तेव्हा समितीच्या एका सदस्याने हरकत घेतली. जपानचं कार्टून, तेही हिंदी बोलणारं, प्रजासत्ताक दिनाला कायले? आपलं काही नाही का? हा प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो गावोगावी विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर मी बैठकीत दिलं तसंच इथे देते.

आपलंही असंच घडलेलं आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या करत आले, तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडचा रावण कोणी दर वेळी नव्याने मनानं काढत नाही. आधीच्याचा पाहून, तसाच, मग त्यात हळूहळू आपला हात दिसू लागतो. नागपूरला 1881 पासून काळी मारबत, म्हणजे मिरवत नेऊन जाळायचा बाईचा मोठा पुतळा, निघते आणि 1885 पासून पिवळी. सोबत बडगे निघतात, ज्याच्यावर लोकांचा राग त्याचा पुतळा, आणि तो ओळखू आला नाही तर बडग्याला अर्थच उरत नाही. भुलाबाई-भुलोजी दरवर्षी तसेच घडवतो आपण. ओळखीचा चेहरा घडवणं ही आपली जुनी सवय आहे. आजच्या पोराच्या ओळखीतला चेहरा टीव्हीतून आला, इतकाच फरक.

सदस्य पूर्ण पटले नाहीत. पण बाहुला पाहायला मागितला, हातात घातला, आणि अंगठा खाली न्यायचा हे मुलीने त्यांना शिकवलं. परवानगी मिळाली.

कार्यक्रमात भाषेचा प्रश्न आला नाही, येईल असं मला वाटलं होतं. मुलगी डोरेमॉनला हिंदीच बोलवायची, कारण "तो हिंदीतच बोलते". अर्धवटराव वऱ्हाडीत उत्तर द्यायचा. बाजारात परप्रांतीय दुकानदाराशी गाव रोज असंच बोलतं, त्यामुळे कोणालाच वावगं वाटलं नाही. डोरेमॉनने खिशातून एकेक वस्तू काढायची आणि अर्धवटरावाने तिचा शेतावर काय उपयोग ते विचारायचं, असा तो प्रवेश. डोक्यावर लावून उडायचा बांबू कॉप्टर निघाला तेव्हा अर्धवटराव म्हणाला, "हे लावून तुरीवरचे पाखरं हाकलता येते का?" आबाजींना हे आयत्या वेळी सुचलं होतं. पुढचं वाक्य मुलगी विसरली, पण तिने बाहुल्याची मान हळूच अर्धवटरावाकडे वळवली आणि तशीच धरून ठेवली. लोक पोट धरून हसले. तिला काही बोलावंच लागलं नाही.

मंडपातल्या पिवळ्या दिव्यांत आकाशी कापड हिरवट दिसलं. आम्हाला तिघांनाच कळलं ते.

विकायचं का?

नंतर बाजारातल्या एका खेळण्यांच्या दुकानदाराने आबाजींना विचारलं, असे पन्नास करून द्याल का? घरात पैशांची गरज होती, कापसाला भाव नव्हता, आणि आबाजींना काम आवडलं होतं. मला विचारायला आले. मी नको म्हटलं, आणि का ते नीट सांगितलं, कारण अशा वेळी "कोण विचारतंय इतक्या लांब" असंच सगळे म्हणतात.

कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या 14 व्या कलमाप्रमाणे चित्रावरून तीन मितींची वस्तू करणं हाही चित्राच्या मालकाचाच हक्क आहे. डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ 1996 मध्ये वारले. आपल्याकडे हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे 2056 संपेपर्यंत. शिवाय नाव आणि चेहरा यांच्यावर ट्रेडमार्कचे हक्क असू शकतात. घरी नातीसाठी केला आणि शाळेत खेळवला, यात कोणाचं काही बिघडत नाही. खाजगी वापराला आणि शाळेच्या उपक्रमात मुलांनी पालक आणि शाळेशी संबंधित लोकांपुढे केलेल्या नाट्यप्रयोगाला 52 व्या कलमात मोकळीक आहे. पन्नास करून दुकानात ठेवले की तो धंदा होतो, आणि त्याला मालकाची परवानगी लागते. रंग बदलून, मिशा कमी करून "तो नाहीच" म्हणणंही चालत नाही. गिऱ्हाईक तो डोरेमॉन म्हणूनच घेणार असेल तर नक्कल ती नक्कलच.

कायद्यापेक्षाही मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याने तो चेहरा पहिल्यांदा काढला, त्याच्या कामावर आपण शिकलो. शिकणं त्याने कधी अडवलं नाही. विकणं त्याचं त्याला राहू द्यावं.

आबाजी गप्प बसले. मग म्हणाले, "कळ्या तं कोनाच्या नाही ना?" नाहीत. सहा कळ्यांचं डोकं कोणाच्या मालकीचं नाही, अंगठ्याची इलॅस्टिक नाही, खळ लावून बुबुळ सरकवायची पद्धत नाही. बोरचं जंगल आमच्याच जिल्ह्यात, 2014 पासून व्याघ्र प्रकल्प. आबाजींनी वाघ करायला घेतला. कळ्या त्याच, फक्त तोंड पुढे काढायला दोन कळ्यांच्या मधे फोमचा एक तुकडा वाढवला. पिवळं फ्लीस बाजारात सहज मिळतं. दुकानदाराने आधी नाक मुरडलं, पोरं कार्टूनच मागतात म्हणाला, तरी थोडे ठेवून घेतले. ते हळूहळू गेले. डोरेमॉन ठेवले असते तर पटकन गेले असते, यात शंका नाही, आणि आबाजींनी ते मला एकदा बोलूनही दाखवलं.

वाघाच्या डोळ्यांवर मात्र त्यांचं आणि नातीचं जमत नाही. आबाजींना बुबुळं मधे हवी असतात, जनावर समोर पाहतं म्हणतात. नात खळीचा वाडगा घेऊन ती नाकाकडे सरकवते. प्रत्येक वाघ म्हणूनच थोडा वेगळा निघतो.

मुलगी आता पाचवीत आहे आणि तिला नोबिता करायचा आहे. नोबिताचं डोकं सहा कळ्यांनी होत नाही, हनुवटी निमुळती आणि गाल फुगीर लागतात, त्यासाठी खालच्या दोन कळ्या अरुंद कापून पाहणं चालू आहे. चष्म्यासाठी तिने तान्ह्या बाळाच्या दोन पातळ प्लॅस्टिकच्या बांगड्या काळ्या रंगवल्या आणि तारेने जोडल्या. काच नाहीच, काच लावली की उजेड चमकतो आणि बुबुळं दिसत नाहीत. पण बांगडीची कड डोळ्याच्या कडेवर आली की नजर पुन्हा हरवते. चष्मा किंचित मोठा हवा, किंवा डोळे किंचित लहान. यातलं काय करायचं ते ठरायचं आहे.